पापणी

पॅर्नूच्या बंदरात हाइनो क्रेन चालवायचा.
आता मानेखाली सगळं गप्प.
मारेतनं त्याच्यासाठी पडद्यावर पुस्तक मांडलं:
पापणी मिटली की पान उलटतं.

अकरा पानं नीट गेली.
बाराव्यावर गोष्टीतली म्हातारी घोडी विकली गेली
आणि पानं सुटलीच भराभर,
तेरा, चौदा, सतरा.
मारेत कॅमेऱ्याचा स्क्रू चाचपू लागली.

"यंत्र ठीक आहे," तो म्हणाला,
"डोळ्यांत पाणी आलं."

रात्रभर ती कोड उसवत बसली.
हुकमाची उघडझाप वेगळी, ओली वेगळी,
हे यंत्राला शिकवायचं कसं?

सकाळी तो म्हणाला,
ते राहू दे. आधी
मागे जायचं काहीतरी कर.
घोडीचं नाव वाचायचं राहिलंय.