सतरा अंश चाळीस

शोकसभेत कुणीतरी देशांची यादी वाचली,
एकतीस.
गुर्रम बाई असत्या तर म्हणाल्या असत्या,
यादी वाण्याकडे द्यायची असते. बस खाली.

राजमणी गुर्रम. आठवी क, भूगोल.
गुर्रम म्हणजे तेलुगूत घोडा,
हे त्यांनीच पहिल्या तासाला सांगून टाकलं,
मागच्या बाकावरून कुणी खिंकाळायच्या आत.
तरी मी खिंकाळलो.
त्यांनी खडू माझ्या हातात दिला:
काढ मग, घोडा कुठवर जाईल ते.
मी अक्कलकोटपर्यंत रेघ ओढली.
तेवढंच जग मला ठाऊक होतं.

वडील त्यांचे साखर पेठेत मागावर बसायचे,
म्हणून पृथ्वीही आम्ही मागावरच शिकलो.
रेखांश म्हणजे ताणा, दोन्ही ध्रुवांना घट्ट बांधलेला.
अक्षांश म्हणजे बाणा.
आणि सतरा अंश चाळीस मिनिटांचा जो एक आडवा धागा
सिद्धेश्वराच्या तळ्यावरून जातो,
तो पुढे कुठे जातो?
वर्ग गप्प.
"मलाही माहीत नाही," बाई म्हणाल्या. "बघून येते."

आणि खरंच गेल्या.
उन्हाळी सुट्टी, फंडावर काढलेलं कर्ज,
वळकटी केलेली चादर, कडक भाकरी, शेंगाचटणी.
कुठल्याशा विमानतळावर पुडी उघडून शिपायाने विचारलं, हे काय?
बाईंनी चिमूटभर त्याच्या तळहातावर ठेवली.
"ठसका लागला बिचाऱ्याला," त्या सांगायच्या,
"पण शिक्का सरळ मारला."

कार्डं यायची, पत्त्यात फक्त शाळा आणि आठवी क.
त्यांत मनोरे नसत, राजवाडे नसत.
सुदानातल्या अटबाऱ्याहून: *रेल्वेचं गाव. ऊन आपलंच.
इथेही कडुनिंब आहे. कुणी आणला असेल? शोधा.*
बेलीझहून: *समुद्र कसा सांगू?
हिप्परग्याचा तलाव घ्या, पलीकडचा काठ काढून टाका.*
मेकाँगच्या काठावरून: *एक बाई विणत होती.
तिची भाषा मला येत नाही.
तुटलेला धागा मी जोडून दिला, तिने जेवू घातलं.*

मी कुठे गेलो नाही.
गणवेश शिवतो. माल लांब लांब जातो,
मी बिलं करतो.

गुडघे गेले तेव्हा बाई भवानी पेठेतल्या खोलीत,
खिडकीला खुर्ची लावून.
होटगीला जाऊन आलो म्हटलं, की सरसावून बसायच्या.
गाडी कोणत्या अंगाला वळली? रानात काय उभं होतं?
चहा कुणी दिला, त्याच्या घरी कोण कोण?
मी डोकं खाजवायचो.
"म्हणजे तू गेलाच नाहीस."
मग पुढच्या आठवड्यात मी पुन्हा होटगीला जायचो,
नीट.

निघण्याआधी, दर मे महिन्यात, त्या आम्हाला मैदानावर बोलवायच्या.
फुफाट्यात एक काठी रोवलेली.
चप्पल विसरलेला एकेक जण या पायावरून त्या पायावर.
बारा वाजून बावीस मिनिटांनी
सावली काठीच्या पायात शिरून जायची.
कुठे गेली, बाई?
कुठेही नाही. खाली उभी आहे.

परवा मी गच्चीवर गज उभा धरला,
कापड मोजायचा, लाकडी.
इस्त्रीवाला सादिक हसायला लागला,
मग हसायचा थांबला, वाकून बघत राहिला.
बारा बावीस.
गजाला सावली नव्हती, मला थोडी होती,
पोटाखाली, बुटांवर.

"आता?" सादिक म्हणाला.
आता ती दुसऱ्या अंगाने निघेल, थांब जरा.
खाली शिलाईयंत्रं चालू होती.
अटबाऱ्यात अजून सकाळ असणार.
इथली दुपार तिथवर जायला
पावणेतीन तास घेते.
हिशेब बाईंचाच आहे, मी फक्त पुन्हा करून पाहिला.