चारशेवीस

गांगुर्डे निवृत्त झाले तेव्हा टेबलावर
एक पितळी फुलपात्र ठेवून गेले
आणि मशीनमध्ये अकरा हजार ओळी.
दोन्ही माझ्या वाट्याला आलं.

अंबडच्या त्या पहिल्या मजल्यावर
(खाली लेथ, त्यामुळे की-बोर्ड दिवसभर थरथरतो)
मी ओळी वाचल्या.
वाचल्या म्हणजे डोळे वरून खाली नेले.
ठिबकचा कंट्रोलर. पंप चालू, व्हॉल्व्ह उघड,
व्हॉल्व्ह मीट, पंप बंद.
मध्येच एका जागी नुसतं:
थांब. चारशेवीस सेकंद.
का, ते कुठंच नाही.

यज्ञेश हसला, म्हणाला, नावातच आहे की.
मीही म्हटलं, इथं नक्की पाणी मुरतंय,
आणि ती ओळ खोडली.
चाचण्या सगळ्या हिरव्या. मला बढतीची स्वप्नं.

तिसऱ्या दिवशी मोहाडीहून फोन.
ढिकलेवहिनी. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट.
"पाइप फुटलाय. तुम्ही या, बघा."

यज्ञेशचा एक लाडका शब्द आहे, ग्रोक.
समजणं नव्हे, म्हणतो, त्याच्या पुढचं.
मुळात म्हणे कुठल्या परग्रहावरच्या बोलीत
त्याचा अर्थ पाणी पिणं.
मी मान डोलावली होती.
मान डोलवायला काय लागतं.

सकाळी सहा. द्राक्षाचा मांडव दवानं जड.
वहिनींनी मला उतारावर गुडघ्यांवर बसवलं,
"कान लावा" म्हणाल्या, मेन लाइनीला.
खाली विहिरीवर त्यांच्या मुलानं बटण दाबलं.

आधी काहीच नाही.
मग दूर कुणी घसा खाकरावा तसं.
मग हवा, पुढं पुढं पळणारी,
कोपऱ्या-कोपऱ्यावर अडून फुसफुसणारी,
तिच्या मागून चढणारं पाणी,
चढ लागला की दमणारं, हो, दमणारं,
माझ्या कानाखालून गार होत गेलेला पाइप,
आणि वरच्या टोकाला एअर व्हॉल्व्हनं
सोडलेला शेवटचा उसासा.
मग शांत. भरलेलं शांत.
"आता उघडायचा," वहिनी म्हणाल्या,
आणि मी घड्याळ पाहिलं.
सात मिनिटं. वर दोन-चार सेकंद, ते माझे.

"गांगुर्डे असेच बसायचे हो. पँट चिखलात.
चार दिवस आले होते. चहाही नको म्हणायचे."

परत येऊन ओळ होती तिथं ठेवली.
वर टीप लिहायला घेतली:
हवेचा दाब, उंची, पाइपचा व्यास...
सगळं बरोबर होतं. वाचलं तर
कान अजून कोरडाच.
खोडलं.

फुलपात्रातलं पाणी प्यायले, सावकाश.
खाली लेथ बंद झाली होती.
मग लिहिलं:

शंका आल्यास ओळ काढू नये.
मोहाडी, ढिकल्यांचा वरचा मळा,
सकाळी सहा. जुनी पँट घालून जावे.