मोजणी

साडेआठची मालिका साडेनऊला नेली,
मग रात्री अकराला.
लग्नातला नकोसा पाहुणा
बैठकीतून ओसरीत, ओसरीतून मांडवाच्या कडेला
सरकवत न्यावा, तशी.

नाव ‘मोजणी’. सेलूत आमच्या गल्लीत
ती बघणारी मी एकटी.
एक भूकरमापक गावात येतो, साखळी अंथरतो.
पहिला आठवडा तेवढंच.
मग बोरीखाली बसून भाकर खातो,
आणि बांधापलीकडची बाई
त्याला पाणी द्यावं का नाही
हे सहा भाग ठरवत राहते.

“कामून बघायलीस गं ते?” जाऊबाई म्हणल्या,
“कुणी कुणाला मारंना, इष्टेट लुबाडंना,
सासूसुदिक धड बोलंना.”
मी म्हणलं, बघा तरी, आज तिनं तांब्या उचलला.
त्या हसत उठून गेल्या.

मी साड्यांना फॉल लावते.
पावणेतीन मीटर, हातानं.
टाका वरून दिसला
की गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.
एका भागात हातभर काठ होतो,
जाहिरातींत आणखी वीतभर.

इलियासभाई रिचार्ज मारताना म्हणाले,
“ताई, ते चॅनल काढू का? वीस रुपये वाचतील.
कोण बघतंय ते?”
कुठं कुठं कुण्या घरात एक डबी बसवलेली असते म्हणे,
ती मोजते कोण काय बघतं.
घरी येऊन टीव्हीमागं हात घातला.
धूळ. पालीची अंडी.
पोरीचा तिसरीत हरवलेला खोडरबर.

चौऱ्याऐंशीव्या भागात साखळी ताणली
आणि चार हात कमी भरली.
बाईनं तांब्या खाली ठेवला.
नवरा गेला त्या वर्षी, अवसेच्या रात्री,
दगड तिनंच सरकवला होता.
म्हणजे ते सहा भाग
ती पाण्याचा विचार करतच नव्हती.
माझी सुई तशीच काठात राहिली.
सांगावं कुणाला?
गल्लीत सगळे झोपलेले,
कुत्रीसुद्धा.

सकाळी जाऊबाईंना सांगितलं.
त्या पीठ चाळत होत्या.
चाळणी थांबली.
आमच्या दोन चुलींमधल्या भिंतीकडं
त्यांनी बघितलं, मग मी बघितलं.
वाटणीच्या वर्षी ती आधी कुठं आखली होती
आणि उभी कुठं राहिली,
हे एकोणीस वर्षांत आम्ही बोललेलो नाही.
“मग पुढं?”
“पुढं काय, शुक्रवारी बंद होणार.
बघणारे नाहीत म्हणे.”

गुरुवारी अकराला पाच कमी असताना
त्या आल्या, स्वतःची उशी घेऊन.
“पहिल्यापासून सांग,” म्हणल्या.
“एक माणूस येतो,” मी म्हणलं, “अन साखळी अंथरतो.”
“मग?”
“आठवडाभर तेवढंच.”
त्या काही बोलल्या नाहीत.
माझ्या हातातली सुई घेतली,
उजेडाकडं धरली, दोरा ओवून परत दिली.
जाहिराती चालू होत्या.