आमचे, आपले

पंखा तीनवर ठेवला की पावत्या उडतात,
दोनवर ठेवला की मी वितळते.
म्हणून दोनवर ठेवून, पावत्यांवर शटल ठेवून
लिहितेय वार्षिक सभेचा अहवाल.
भद्रावती पेठ, दुपारचे तीन,
खालच्या शेडमधल्या मागांनी टेबलाचे पाय थरथरतात,
त्यामुळे माझा सात नेहमी एकासारखा येतो.

चौदा वर्षं पाठवतोय आम्ही
माणशी दोन रुपये
जिनिव्हाच्या विणकर साहाय्य निधीला.
अठराशे चाळीस माणसं गुणिले दोन,
ड्राफ्टचं कमिशन वेगळं.
बँकेतले नदाफ साहेब दर वर्षी विचारतात,
"एवढ्याशा पैशाला एवढा लांबचा प्रवास?"
मी म्हणते, शिक्का मारा.

नाणी येतात ती कापसाचं बोंडुक चिकटून.
नरसव्वा मेरगू कांड्या भरता भरता
कनवटीचं नाणं काढते, पुसत नाही.
"तिकडं मोजताना कळू दे," म्हणते, "कुठनं आलंय."
तिला मी अजून सांगितलं नाही
की नाणं बँकेपर्यंतच जातं.

एका वर्षी भांडण झालं.
डेनिझली म्हणून तुर्कस्तानात गाव आहे,
आपल्यासारखंच टॉवेलचं.
तिथं रंगखात्यातला बॉयलर फुटला.
मल्लेशम येलदी सभेत उभा राहिला:
"जर्मन हॉटेलची ऑर्डर खाल्ली त्यांनी आपली,
आणि वर आपणच पैसे द्यायचे?"
कुणालाच उत्तर आलं नाही.
मलाही नाही.
ड्राफ्ट आधीच काढला होता, म्हणून गेला.
यात मोठेपणा कुणाचाच नव्हता.

मग मागच्या चैत्रात
अक्कलकोट रोडच्या शेडवरची टाकी
स्लॅबसकट खाली आली, रात्रपाळीवर.
अकरा माग. सात जखमी.
दोघांची नावं पान बत्तीसवर आहेत,
इथे पुन्हा लिहीत नाही.

निधीचा फॉर्म एकोणीस पानांचा.
प्रश्न: छतावर एवढी मोठी टाकी कशासाठी?
लिहिलं: नळाला पाणी पाच दिवसांनी येतं.
उलट टपाली विचारणा:
पाच तासांनी म्हणायचं आहे का?
लिहिलं: दिवसांनी.
त्यानंतर त्यांनी काही विचारलं नाही.

सात लाख बारा हजार आले.
सोबत यादी, त्या वर्षी कुणी किती भरले त्याची.
चौथी ओळ डेनिझली.
त्यांच्या पैशाचे रुपये करून पाहिले,
माणशी दोन रुपये चाळीस पैसे.
त्यांच्याही सभेत कुणी उभं राहिलं असेल,
सोलापूरने आमची ऑर्डर खाल्ली म्हणत.
राहिलंच असेल.

मल्लेशमने कालच हिशोब करून टाकला,
पेनाने, माझ्याच वहीच्या मागे:
गेले एक्कावन्न हजार पाचशे वीस,
आले सात लाख बारा.
"अक्का, आपण फायद्यात आहोत."
बाकावर राजमणी चिप्पा बसली होती,
मुलाच्या दाखल्याची झेरॉक्स घेऊन.
तिने ऐकलं. मल्लेशमलाही कळलं तिने ऐकलं.
तो पाणी आणायला गेला तो आलाच नाही.

आता अडलंय ते मथळ्यापाशी.
जिनिव्हाच्या कागदावर एकच शब्द आहे, 'अवर'.
अवर फंड. इंग्रजीचं त्यात भागतं.
मराठीत मला ठरवावं लागतं:
आमचा निधी, की आपला?
आमचा म्हटलं तर समोरचा बाहेर राहतो.
आपला म्हटलं तर डेनिझली आत येते,
तिच्या बॉयलरसकट, ऑर्डरीसकट.

नरसव्वाला विचारलं, घरच्या तेलुगूत:
मादी म्हणू, की मनदी?
तिने आधी विचारलं, "पैसे कुणाचे?"
मग बराच वेळ कांडी फिरवली.
मग म्हणाली, "मनदी म्हटलं तर
पुढच्या वर्षी परत मागायला येशील ना?"

येईन, म्हटलं.

तिने कनवटीला हात घातला.
मी मथळा लिहिला,
जमा आणि नावे, दोन्हींच्या वर, एकदाच.
टेबल थरथरलं,
'आपला'चा काना जरा लांबच गेला.