एकविसावा दिवस

शहाद्याच्या स्टँडमागे, शिंप्याच्या दुकानावर
बाईंचा दवाखाना. मी ईसीजी काढायचो
आणि वही सांभाळायचो.
मशीन तेव्हा शिलाई मशीनएवढं जड;
धडगावच्या एसटीत कंडक्टर
त्याचंही तिकीट फाडायचा.

डॉ. सिंधू नेहेते. माहेर फैजपूर.
पेशंट म्हणायचे, "बाई, छातीमा घोडा पयस."
त्या म्हणत, "डाव्या कुशीवर वळ,"
आणि मला पंखा बंद करायला लावत.
मे महिना, पंचेचाळीस अंश, पंखा बंद.
मीही श्वास धरून,
कारण तो आवाज
सातपुड्यापलीकडच्या ढगासारखा,
ऐकला म्हणेपर्यंत गेलेला.

जेमा पावरा, वय नऊ.
आधी घसा, मग गुडघा, मग घोटा.
आईनं हळद लावली, सूज उतरली,
घरात सगळे विसरले.
झडप विसरली नव्हती.

तेव्हापासून वहीत एकच रकाना मोठा:
दर एकविसाव्या दिवशी पेनिसिलिन.
पोरं सुईला घाबरून मक्यात लपायची,
बाई बांधावर बसून शेंगा खात वाट बघायच्या.
दिवाळी सरली की पाडे रिकामे,
टोळ्या गुजरातेत ऊसतोडीला.
मग पोस्टकार्डं, तिथल्या डॉक्टरांना:
अमुक मुलगी, तमुक मुकादम, सोमवारी सुई आहे.
एका वर्षी एकशे बारा पोस्टकार्डं,
उत्तरं चाळीसेक.
एकावर नुसतं "दिली".
ते त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं.

पुण्याला परिषदेत एका तरुणानं विचारलं,
मॅडम, आजवर झडपा किती उघडल्या?
"एकही नाही. माझ्याकडे वही आहे."
टाळ्या वाजल्या का, आठवत नाही.
परतताना धुळ्याच्या स्टँडवर पहाटेपर्यंत
बस नव्हती, हे आठवतं.

जेमाच्या नावापुढे सतरा टिचक्या,
मग एक मोकळं घर, मग काहीच नाही.
नवीन वही केली तेव्हा मी ते पान वगळत होतो.
बाई म्हणाल्या, "उतरव."

आता त्यांचे कान गेलेत.
यंत्रं आली, पडद्यावर झडप दिसते,
फडफडणारी, पिवळी-निळी.
तरी परवा एक मुलगा आला, पाड्यावरून, बापाच्या पाठीवर,
तर त्यांनी सवयीनं पंखा बंद करायला लावला,
नळी कानाला लावली, काढली,
आणि नुसता तळहात ठेवला बरगडीवर.
बराच वेळ.
"मांजर आहे रे आत," म्हणाल्या, "घुरघुरतंय."

मी वही उघडली.
पोराला नाव विचारलं, तर तो पंख्याकडे बघत होता.