डोणी

निवळेवाडीच्या खालच्या आळीत एक दगडी डोणी आहे.
म्हशी पितात तीत.
मीही लाळ-खुरकुताच्या लसीचे डबे
तिच्याच पाण्यात विसळलेत, सतरा वर्षं.

परवाच्या उन्हाळ्यात भोवतीचा चिखल उपसला
तेव्हा बाहेरच्या अंगावर अक्षरं दिसली.
खडूची पूड फासली. सूर्य, चंद्र,
मग जुन्या वळणाचं, पण लागलं एक नाव:
माळलदेवी.
पुढचं म्हशींनी अंग घासघासून नेलं.

बाकीचं येसू गुरव सांगतो.
तो सांगतो तसंच सांगते.
माझी भर कुठे पडते, मलाही कळत नाही.

ती खालची, कृष्णेकाठची.
बाप सात घाटांचा धनी, आई त्याच्या रांधणघरात.
त्यानं तिला लेक म्हटलं, पण उशिरा,
लेक द्यायची वेळ आली तेव्हा.

चौदाव्या वर्षी ती घाट चढली.
वर भायदेव. डोंगराचा राजा, म्हणजे
नाचणी, घोंगडी आणि न वाकणारी मान.
त्याच्या बोलीत 'हो'ला शब्द नव्हता,
नुसता हुंकार.

मग बापानंच फौज आणली. खळी पेटवली.
भायदेव म्हणाला, तू जा. तुझा बाप आहे.
बाप म्हणाला, बायको पुढे केली का तुझ्या राजानं?
(इथे गुरव तंबाखू मळतो. घाई नसते त्याला.)
ती म्हणाली, दोघांनीही मलाच पुढे केलंय.
आता मी सांगते ते ऐका.

तह झाला. हजार गुरं, तीस ओलीस,
त्यांत तिचा थोरला.
यादी तिनंच वाचली म्हणे,
आणि पोराच्या नावाशी आवाज हलला नाही.
त्यालाच नावं ठेवतात लोक, अजून.

मीही खालचीच. ओगलेवाडीची,
काचेच्या कारखान्यामागची.
नणंद माझ्या भावाला दिलेली, ती परत आली
तेव्हा मलाच एसटीनं खाली धाडलं,
हातात पेढ्यांचा पुडा.
त्या पुड्याचं काय झालं ते कुणी विचारलं नाही.

तर, केशवनायक. लढाईत सापडलेला खालचा सरदार.
जखम भरेस्तोवर गडावर राहिला.
तिची बोली बोलायचा.
एवढंच. किंवा एवढंच नाही.
भर दिवसा, गाव गोळा करून,
भायदेवानं त्याला बेहड्याला टांगला.
तिला कोठीत कोंडली, वरीसभर.

गुरव म्हणतो, पाप.
मी म्हणते, हुंकारात राहून बघ एवढी वर्षं.
तो माझ्याकडे बघतो, मी गुरांकडे.

वर्षानं राजानं स्वतः कडी काढली.
आत काय बोलले, कुणाला माहीत नाही.
गुरवालाही नाही. जोडत नाही तो काही,
हे त्याचं मला आवडतं.
पुढच्या तहाला पुन्हा तीच उतरली, एवढं नक्की.

ती गेली तेव्हा देऊळ नाही, छत्री नाही.
त्यानं घाटमाथ्यावर ही डोणी घडवली,
चिपळूणहून मीठ आणणाऱ्या बैलांसाठी,
वर जाणाऱ्यांना एका अंगानं,
खाली येणाऱ्यांना दुसऱ्या अंगानं
तोंड घालता येईल अशी.
गावात कुणी, कधी आणली, विचारू नका.

साताऱ्याहून दोन साहेब आले होते.
फोटो काढले, टेप धरली, संग्रहालयात नेऊ म्हणाले.
सरपंचीण म्हणाली, मग गुरं कुठं पितील?
साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं.

आज सकाळी कदमांची पाडी
पुढचे दोन्ही पाय आत टाकून उभी होती,
नाकापर्यंत ओली.
तिला टोचायची होती.
म्हटलं, पिऊ दे आधी.