दीड वीत पाणी

इस्फहानात सुट्टी शुक्रवारची.
बाबांना बूट घ्यायचे म्हणून बसने मॉलला निघालो.
उजव्या हाताला जुना पूल आला, बाबांनी मान वळवली नाही.
तेहतीस कमानी, प्रत्येकीत सावली,
सावलीखाली भेगाळलेला चिखल आणि त्यात फुटबॉल खेळणारी पोरं.
काठावर हंसांच्या होड्या ताडपत्री ओढून बसलेल्या.
सात नंबरचा, चोच मोडलेला, तो आमचा.

मी गाइड आहे.
छत्रीला पिवळी फीत बांधून परक्या माणसांना
कमानी मोजून दाखवते, विटांचं वय सांगते.
शेवटी कुणीतरी विचारतंच : आणि नदी?
त्याचं उत्तर मी तीन भाषांत पाठ केलंय.
तिन्हींत ते सारखंच खोटं वाटतं.

मॉलचं दार आपोआप उघडलं.
बाबा थबकले, कोण उघडतंय ते पाहिलं,
कुणीच नाही म्हटल्यावर
काचेलाच म्हणाले, "उपकार झाले."

आत घुमट होता. मशिदीवरची वेलबुट्टी
छापून चिकटवलेली, निळा जरा जास्तच निळा.
मी बोलायला तोंड उघडलं.
"सुट्टी आहे ना तुझी," बाबा म्हणाले.

सरकत्या जिन्यावर त्यांनी पाय ठेवला
तो होडीत ठेवतात तसा :
आधी डावा, गुडघे सैल, वजन मधोमध.
मग मागे वळून माझ्यासाठी हात पुढे केला.
चाळीस वर्षं नव्या नवऱ्यांना, रुसलेल्या आयांना,
शाळेच्या सहलींना त्यांनी असाच हात दिला होता.
मागे लोक खोळंबले.
मी हात धरला.

दुकानातल्या मुलानं माप विचारलं.
"ओल्या पायांचं बेचाळीस," बाबा म्हणाले,
"कोरड्यांचं ठाऊक नाही."
मुलगा हसला. आम्ही दोघं हसलो नाही.
एक्केचाळीस निघालं.

नवे बूट पायात, जुने खोक्यात,
आणि तळमजल्यावर कारंजं.
दिवे लावलेलं, दर अर्ध्या तासानं गाण्यावर नाचणारं.
बाबा कठड्याशी गुडघ्यावर बसले,
बाही कोपरापर्यंत सरकवली,
हात आत घातला.

पहारेकरी आला. बिल्ल्यावर नाव : यदुल्लाह.
"काका, पाण्यात हात घालायचा नाही."
"खोली बघतोय."
तो क्षणभर गप्प. मग, हळूच : "किती?"
"दीड वीत. होडी नाही चालायची."
"मी वर्झनेचा," तो म्हणाला. "आमच्याकडे ती
सगळ्यांत शेवटी यायची. यायची तेव्हा."
"हे पाणी कुठलं?"
"टँकरचं. मंगळवारी येतो."

मग घड्याळांच्या दुकानाकडे बोट दाखवून म्हणाला,
"मी पाच मिनिटं तिकडे आहे."
आणि खरंच गेला, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला,
सगळी घड्याळं दहा वाजून दहा मिनिटं दाखवत असताना.

बाबा बोटं पसरून ओढ शोधत होते.
पाण्याला ओढ कुठे असते,
कुठल्या कमानीखाली वल्हं आवरायचं
हे त्यांना बोटांनी कळतं, डोळ्यांनी नाही.
पाणी गोल फिरून पुन्हा त्यांच्याच हाताशी येत होतं.
"येड्यासारखं करतंय," ते म्हणाले,
पण प्रेमानं, लहान मुलाबद्दल बोलावं तसं.
गाणं सुरू झालं. एका बाईनं
आमच्यासकट फोटो काढला.

परतताना ते पुलापाशीच उतरले.
मी म्हटलं, ऊन आहे, उद्या या.
ते पायऱ्या उतरून शेवटच्या दगडावर बसले,
नवे बूट काढले, मोजे आत कोंबले,
नाड्या एकमेकींना बांधून बूट गळ्यात अडकवले.
"नदीत कुणी बूट घालून जातं का?"

फुटबॉल थांबला. पोरं बघत राहिली.
बाबा वाकून विजारीचे पाय दुमडत होते :
एक घडी, दोन घड्या, मग अर्धी आणखी,
नवरोजच्या सुमाराला
या काठाशी पाणी असायचं, तेवढी.